लाइन शंभरची, स्कॅन पावणेनऊ मिनिटांचं

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातलं एक छोटं स्कॅन सेंटर. नाव-ठिकाण सांगत नाही, एवढंच सांगतो की इमारत जुनी आहे, भिंती चिऱ्याच्या आहेत आणि मागच्या अंगाला सीटी स्कॅनची खोली आहे. त्या खोलीच्या दाराला आतून शिशाचा पत्रा असल्यामुळे मोबाइलची रेंज दारातच संपते, वाय-फायचं तर नावच नको. राऊटर पुढे रिसेप्शनमध्ये. दोहोंच्या मध्ये छतालगत पट्टीतून नेलेली, बरीच वर्षं जुनी केबल.

स्कॅन इथे होतं, पण संध्याकाळनंतरचे रिपोर्ट मुंबईत बसलेले रेडिओलॉजिस्ट लिहितात. म्हणजे प्रतिमा फोंड्याहून मुंबईला जायच्या. सीटीची एक प्रतिमा ५१२ बाय ५१२ ठिपक्यांची आणि प्रत्येक ठिपक्याला २ बाइट, म्हणजे एका कापाला बरोबर ५,२४,२८८ बाइट. छाती-पोटाच्या एका तपासणीत सहाशे काप सहज होतात. गुणाकार केला तर ३१ कोटी ४५ लाख बाइट. या लेखात 'एक स्कॅन' म्हटलं की हेच समजा.

जूनमध्ये पहिल्या जोरदार पावसात वीज पडली आणि आतला नेटवर्क स्विच, म्हणजे खोलीतली यंत्रं तारेने एकमेकांना आणि राऊटरला जोडणारी डबी, जळाला. सेंटर चालवणाऱ्या मॅडमनी बाजारातल्या दुकानातून दुसरा आणवला, आठ पोर्टचा (तारा खोचायच्या आठ खाचांचा), दुकानदाराच्या फळीवर बराच काळ पडून असलेला. त्याच आठवड्यात इंटरनेटवाल्याने पन्नासची लाइन शंभरची करून दिली. बिल वाढलं, वेग कमी झाला. एका आठवड्यात दोन गोष्टी बदलल्या होत्या, पण सगळ्यांच्या लक्षात राहिली एकच, कारण तिचे पैसे दर महिन्याला जातात.

अडचण

मला बोलावलं तोवर मॅडम आणि इंटरनेटवाला यांची बोलाचाली तिसऱ्या फेरीत पोचली होती. त्याचा माणूस येऊन मोबाइलवर स्पीड टेस्ट करून गेला होता: खाली (डाउनलोड) ९४, वर (अपलोड) ९१. "आमची लाइन ओके" असं लिहून सही घेऊन गेला. मॅडमचं म्हणणं, "अहो, शंभराचे पैसे देतो आम्ही. आणि हे बघा काय मिळतं ते." त्यांनी वर्कस्टेशनचा, म्हणजे सीटीच्या संगणकाचा, पडदा दाखवला. प्रतिमा पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यात आकडा हलत होता: ०.५७.

दोघंही खरं बोलत होते, आणि भांडण मिटत नव्हतं ते त्यामुळेच.

तिथल्या तंत्रज्ञ मुलीने मात्र कामाची गोष्ट केली होती. गेले चार दिवस ती वहीत प्रत्येक स्कॅनची पाठवण्याची वेळ लिहीत होती. सहाशे कापांना ८ मिनिटं ४४ सेकंद. पूर्वी? "पूर्वी सव्वादोन मिनिटं लागायची. तेवढ्यात मी पेशंटला कपडे बदलायला सांगून यायची," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, "बाय, ही वही फेकू नकोस." पुढे सगळा तिढा त्या वहीवरच सुटला. स्पीड टेस्टचा आकडा एका क्षणाचा असतो. वहीतला आकडा कामाचा होता: ही फाइल, इथून तिथे, इतक्या वेळात.

पावणेनऊ मिनिटं एरवी सोसली असती. पण रात्री कुणी अर्धांगाची शंका घेऊन आला, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि त्यातला बराच वेळ गावातून इथे पोचण्यातच गेलेला असतो.

आकड्यांचा घोळ

कशालाही हात लावण्याआधी एककं जुळवून घेतली. मॅडमच्या हिशेबाने शंभरातले ०.५७ मिळत होते, म्हणजे पावणेदोनशे पट कमी. तसं नव्हतं. लाइन विकली जाते मेगाबिटमध्ये, सॉफ्टवेअर दाखवतं मेगाबाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. वर आणखी एक खोड: नेटवर्कवाल्यांचा मेगा म्हणजे दहा लाख, आणि त्या संगणकाचा मेगा म्हणजे १०,४८,५७६. आमचं ३१ कोटी ४५ लाख बाइटचं स्कॅन म्हणूनच पडद्यावर नेमकं '३०० एमबी' दिसत होतं. सगळं एका मापात आणलं तर ०.५७ म्हणजे सेकंदाला सुमारे ४.८ मेगाबिट. शंभराच्या मानाने वीसेक पट कमी. तक्रार खरीच होती, फक्त जेवढी वाटत होती तेवढी मोठी नव्हती. गमतीचा भाग असा की २०२३ पासून आपल्या देशात किमान २ मेगाबिट मिळाले की त्याला ब्रॉडबँड म्हणतात, त्यामुळे कागदोपत्री हेही ब्रॉडबँडच!

शंभरच्या लाइनवर शंभर कधीच दिसत नाहीत, हेही मॅडमना सांगावं लागलं. इथरनेटच्या प्रत्येक पूर्ण पाकिटात आपला माल १४६० बाइट असतो, पण पत्ते, तपासणीचे बाइट आणि दोन पाकिटांमधली सक्तीची जागा धरून तारेवर १५३८ बाइटांचा वेळ जातो. ९४-९५ दिसले की ती लाइन पूर्ण शंभर देते आहे असं समजावं. त्या माणसाचे ९४ अगदी चोख होते.

एककांचा असाच घोळ आणखी एका ठिकाणी दिसतो. त्याच खोलीत यूपीएसची सिरीयल केबल आहे, तिच्यावर '२४०० बॉड' अशी चिठ्ठी चिकटवलेली. आमच्या धंद्यात बॉड आणि बिट सर्रास एकाच अर्थाने वापरतात. एमिल बोडो या फ्रेंच तारयंत्र-अभियंत्यावरून नाव पडलेला बॉड म्हणजे सेकंदाला किती वेळा संकेत बदलतो ते. एका संकेतात एकच बिट असेल तर दोन्ही आकडे सारखे, नाहीतर नाही. फोनवरच्या जुन्या २४०० बिटवाल्या मोडेमची बॉड गती ६०० होती, कारण प्रत्येक संकेतावर चार बिट लादलेले असत. यूपीएसच्या केबलवर दोन्ही २४००च आहेत, पण प्रत्येक अक्षराबरोबर सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक बिट जातो, तेव्हा हाती येतात सेकंदाला २४० अक्षरं. बॅटरीची खबर द्यायला तेवढी पुष्कळ झाली.

पहिलं मोजमाप, आणि माझी चूक

मोबाइलच्या टेस्टवर माझा विश्वास नव्हता. ती राऊटरपासून दोन हातांवर उभं राहून केलेली. बहुतेक अशा टेस्ट जवळच्या सर्व्हरशी एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून काही सेकंदांत जास्तीत जास्त किती खेचता येतं ते दाखवतात. आमचं सॉफ्टवेअर एकच जोडणी उघडून, एकामागून एक सहाशे प्रतिमा, थेट मुंबईला पाठवतं. मोजमाप त्याच वाटेचं व्हायला हवं होतं.

म्हणून वर्कस्टेशनची केबल काढून माझ्या लॅपटॉपला लावली. तीच केबल, स्विचचं तेच पोर्ट. वर ९२, खाली ९३. मुंबईच्या सर्व्हरला पिंग टाकला, म्हणजे एक छोटं पाकीट पाठवून ते परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं: २५ मिलिसेकंद, शंभरातलं एकही पाकीट हरवलं नाही.

इथे मी घसरलो. केबल ठीक, स्विच ठीक, लाइन ठीक, उरलं सॉफ्टवेअर, असा सरळ निष्कर्ष काढून सॉफ्टवेअरवाल्यांना मेल टाकला आणि घरी गेलो. एक पूर्ण दिवस त्यात गेला. लॅपटॉप हे वर्कस्टेशन नव्हे, ही साधी गोष्ट सुचली नाही. तारेची दोन टोकं एकमेकांशी काय बोलून वेग ठरवतात, ते टोक बदललं की बदलतं. मी रोगी उठवून त्याच्या जागी धडधाकट माणूस निजवला आणि खाट बरी आहे म्हणून सांगून आलो.

दुसऱ्या दिवशी इंटरनेट बाजूलाच ठेवलं. लॅपटॉप त्याच स्विचच्या शेजारच्या पोर्टला लावला, त्यावर एक फोल्डर शेअर केला आणि त्या मुलीला तेच ३०० एमबीचं स्कॅन तिथे कॉपी करायला सांगितलं. वैद्यकीय यंत्राच्या संगणकावर परकं सॉफ्टवेअर घालायचं नाही असा नियम होता, म्हणून मोजायला मोबाइलचं घड्याळ. एवढी फाइल सत्तावीस-अठ्ठावीस सेकंदांत जायला हवी. सात मिनिटांनीही ती रांगतच होती. दोन यंत्रांमध्ये सहा फुटांचं अंतर, मुंबईचा संबंध नाही, इंटरनेटवाल्याचाही नाही.

मग खाली वाकून स्विचकडे नीट पाहिलं. जुन्या ठेवणीतला असल्याने त्याला प्रत्येक पोर्टवर दोन दिवे होते. दुसरा पिवळा दिवा पेटून राहिला तर फुल डुप्लेक्स, विझलेला असला तर हाफ (म्हणजे काय ते पुढे येतंच), लुकलुकला तर पाकिटांची टक्कर. लॅपटॉपच्या पोर्टवर तो शांत पेटलेला, वर्कस्टेशनच्या पोर्टवर नुसता लुकलुकत होता. कॉपी थांबवली की विझायचा, सुरू केली की परत तेच. वर्कस्टेशनवर नेटवर्कची आकडेवारी उघडली तर चुकीच्या पाकिटांचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत वाढत होता.

नेमकं काय झालं होतं

गावातला अरुंद पूल डोळ्यांसमोर आणा. समोरून गाडी येत नाही ना बघून आपली घालायची, हे हाफ डुप्लेक्स. दोन्ही बाजूंनी एकदम वाहतूक चालते तो रुंद पूल म्हणजे फुल डुप्लेक्स. आता एका टोकाचा ड्रायव्हर पूल रुंद आहे असं धरून बेधडक निघतो आणि दुसऱ्या टोकाचा तो अरुंद आहे असं समजून प्रत्येक वेळी ब्रेक मारून मागे जातो. एखाददुसरी गाडी असली तर काही कळत नाही. रहदारी वाढली की कोंडी. पिंग सुरळीत होता तो म्हणूनच: पिंगमध्ये एक छोटी गाडी जाते आणि परत येते.

हे आलं कुठून? काही वर्षांपूर्वी यंत्राच्या कंपनीच्या इंजिनिअरने वर्कस्टेशनचं नेटवर्क कार्ड '१०० फुल' असं हाताने बांधून टाकलं होतं आणि तेव्हाच्या स्विचच्या पोर्टवरही तेच बांधलं होतं. दोन्हीकडे सारखं, म्हणून बिनबोभाट चाललं. नवा स्विच साधा होता, त्यात काही बांधायची सोयच नव्हती. तो समोरच्याशी वाटाघाटी करून वेग ठरवतो. बांधलेलं कार्ड वाटाघाटी करत नाही. अशा वेळी स्विच तारेवरच्या संकेतावरून १०० हा वेग ओळखतो, पण डुप्लेक्स ओळखायला काही मार्ग नसतो, आणि मानक सांगतं की तेव्हा हाफ धरा. स्विच नियमाने वागला, कार्ड सांगितल्याप्रमाणे वागलं. दोष कोणाचाच नाही असं म्हणवत नाही मात्र, कारण बांधलेलं सेटिंग इंजिनिअरने कुठेही लिहून ठेवलं नव्हतं.

पर्याय

मॅडमच्या डोक्यात पहिल्यापासून तीनशेची लाइन होती. सहा फुटांत अडकलेल्या फाइलला तिचा काय उपयोग, हे कॉपीचा प्रयोग पाहिल्यावर त्यांना पटलं. प्रतिमा दाबून लहान करून पाठवणं हा सॉफ्टवेअरवाल्यांचा सल्ला होता. बिट न गमावता दाबलं तर चाललं असतं, पण त्यासाठी दोन्ही टोकांना बदल, मुंबईच्या डॉक्टरांची संमती आणि चाचण्या लागणार होत्या, आणि मुळातलं दुखणं तसंच राहिलं असतं.

खरा पेच दोन पर्यायांत होता. वर्कस्टेशनवरचं सेटिंग 'ऑटो' करायचं, दोन मिनिटांचं काम, खर्च शून्य. किंवा सेटिंग करता येईल असा नवा स्विच आणून त्याचं पोर्ट '१०० फुल' बांधायचं. खर्च आणि पणजीची एक फेरी.

पहिलं करायचा मोह जबरदस्त होता. सर्व्हिसचा पासवर्ड कीबोर्डच्या खाली चिठ्ठीवर लिहिलेला होता, तो मला दिसला, आणि मला दिसला हे त्या मुलीनेही पाहिलं. पण यंत्र सर्व्हिस करारात होतं आणि त्याच्या संगणकातले बदल कंपनीनेच करायचे असं करारात स्पष्ट होतं. उद्या यंत्रात दुसरंच काही बिघडलं असतं, तर पहिलं बोट आमच्याकडे आलं असतं. इंजिनिअरची फेरी दहा दिवसांनी होती. तोवर रोज पावणेनऊ मिनिटं सोसायची की पैसे घालायचे, हे ठरवणं मॅडमचं काम होतं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि ड्रायव्हरला पणजीला पाठवलं. चिठ्ठीही त्यांनी फाडून टाकली.

काय केलं

संध्याकाळी स्विच बसवला, पोर्ट बांधलं, कॉपीचा प्रयोग पुन्हा केला: २८ सेकंद. मुलीने टाळी वाजवली. मग मुंबईला खरं स्कॅन पाठवलं आणि वहीत आकडा पडला: २ मिनिटं १५ सेकंद.

जूनच्या आधी लागायचा तेवढाच वेळ! लाइन दुप्पट होऊन एका सेकंदाचाही फरक नाही. मॅडमच्या दृष्टीने काम झालं होतं. मला मात्र चैन पडेना, कारण ९४ च्या वेगाने अर्ध्या मिनिटाच्या आत जायला हवं होतं.

हिशेब मांडला. ते सॉफ्टवेअर जुनं होतं. पोच येण्याआधी ते ६४ किलोबाइटपेक्षा जास्त माल वाटेवर ठेवत नाही, आणि पोच यायला २५ मिलिसेकंद. म्हणजे दर २५ मिलिसेकंदाला ६५,५३५ बाइट, सेकंदाला जेमतेम २१ मेगाबिट. लाइन पन्नासची असो, शंभरची की हजारची, एक जोडणी २१ च्या पुढे जाणार नव्हती. सगळा माल त्या वेगाने जायला दोन मिनिटं. वर प्रत्येक प्रतिमेनंतर 'पोचली' असं उत्तर येईपर्यंत पुढची निघत नाही, सहाशे वेळा २५ मिलिसेकंद म्हणजे पंधरा सेकंद. बेरीज सव्वादोन मिनिटं. वहीतला आकडा इतका बरोबर जुळलेला पाहून मी तो त्या मुलीला दोनदा दाखवला. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही.

सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये एकाच वेळी किती जोडण्या उघडायच्या तो आकडा होता, कायमचा १ वर. हा बदल वापरणाऱ्याने करायचा होता, कंपनीच्या कुलपातला नव्हता. तरी मुंबईला फोन करून विचारलं, कारण पलीकडच्या सर्व्हरला एकदम चार झेपले पाहिजेत. होकार आल्यावर १ चे ४ केले.

निष्पत्ती

पुढचं स्कॅन ३५ सेकंदांत गेलं. पुढचे पंधरा दिवस वहीत ३४ ते ४१ च्या मधलेच आकडे आहेत. फक्त एका संध्याकाळी ७० आहे, तेव्हा रिसेप्शनवर कुणीतरी मॅच बघत होतं.

मॅडम विचारत होत्या की आता पन्नासवर परत जाऊ का, पैसे वाचतील. एका जोडणीच्या काळात मी लगेच हो म्हटलं असतं. पण चार जोडण्या मिळून ८०-८५ मेगाबिट खेचतात, तेव्हा शंभरची लाइन खऱ्या अर्थाने कामाला लागली ती आत्ता. ती ठेवली. इंटरनेटवाल्याला मॅडमनी स्वतः फोन केला. माफी मागितली का ते मी विचारलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

वही पहिल्या दिवशी नीट वाचली असती तर एक दिवस वाचला असता. घोटाळा सुरू झाल्याची तारीख तिच्या पहिल्या पानावरच होती आणि ती स्विच बदलल्याची होती. लाइन दोन दिवसांनी बदलली. मी तारखा न बघता थेट वेळांवर गेलो.

मोजायची सुरुवातही मी उलट्या टोकाने केली. खोलीतली यंत्रं आधी, मग राऊटरपर्यंत, मग राऊटरपासून बाहेर, असं गेलो असतो तर कॉपीचा प्रयोग पहिल्या तासातच झाला असता. आणि जळालेल्या स्विचची सेटिंगं कुणाकडे आहेत का, हे मी विचारायला हवं होतं. आता नव्या स्विचच्या बाजूला कागद चिकटवला आहे: पोर्ट ३, सीटी, १०० फुल, तारीख, सही.

त्यावरचा मजकूर दहा दिवसच टिकला. इंजिनिअर आला, त्याने कार्ड 'ऑटो' केलं, मी पोर्ट 'ऑटो' केलं, आणि नवा स्विच व कार्ड दोन्ही गिगाबिटचे असल्याने आता हजार दिसणार म्हणून आम्ही पाहत राहिलो. स्विच आणि कार्ड यांनी थोडी खटपट केली आणि शंभरवर उतरले. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, प्रत्येक जोडीवर अडीचशे मेगाबिट. शंभरला दोन पुरतात. पट्टी उघडली तर निळी आणि तपकिरी जोडी मध्येच बाहेर काढून भिंतीवरच्या डबीत गेलेली. पूर्वी कुणीतरी तार वाचवून त्यावरून आतल्या खोलीचा टेलिफोन चालवला होता.

मॅडमनी विचारलं, नवी केबल टाकायची का? चिऱ्याच्या भिंतीला नव्याने भोकं पाडायला भर पावसात कोण येणार, आणि बाहेरची लाइनच शंभरची असताना आत हजार करून मुंबईचं स्कॅन सेकंदानेही लवकर पोचलं नसतं. नको म्हटलं. कागदावर '१०० फुल' खोडून 'ऑटो' लिहिलं आणि पट्टी परत बंद केली.